आधी स्लॅब गार करा, मग एसी बघू

आजचा विषय तुमच्या अगदी डोक्यावरचा आहे. घराचा स्लॅब.

धाराशिव शहरात एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको. रात्रीचे अकरा वाजले तरी भिंती गरमच. काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्रभर ती उष्णता घरात सोडतं. मग कूलर येतो, एसी येतो, बिल वाढतं. शिवाय आपली बरीचशी वीज अजून कोळशाची. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आजी म्हणते, आमचं माळवद किती गार होतं! खरंय. दगडाच्या जाड भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि सास्तूरसारख्या गावांत हीच जड घरं माणसांवर कोसळली. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात हजारो माणसं गेली. त्यानंतर लोकांनी सिमेंट-लोखंडावर भरवसा ठेवला, तो काही उगाच नाही. तेव्हा मागे जायचं नाही. घर मजबूतच हवं, फक्त त्यावरचं ऊन अडवायचं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग. शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी सरकारी धोरणच आणलं. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारायचा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताट्या किंवा हिरवी जाळी लावा. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं.

दुसरं, पंखा. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज १५ तास चालला तर महिन्याला २० युनिट वाचतात, म्हणजे १४ किलो कार्बन. भाड्याने राहत असाल तर खोली सोडताना पंखा काढून नेता येतो!

एवढं करूनही एसी लागलाच, तर २४ अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा लावा. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, नुसती वीज जास्त जाते.

नवीन घर बांधत असाल तर प्लॅन पास व्हायच्या आधीच इंजिनिअरला विचारा, पश्चिमेला सावली कशाची? तेव्हा हे कागदावर फुकटात बदलतं. नंतर तीस वर्षं बिलात भरावं लागतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर घरमालकाला हा भाग पाठवा!