ब्लीचिंग पावडर आणि कारखान्यांतील धातु



आपल्या जिल्ह्याची कीर्ति उसाची. 1950 सालीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढें जिल्ह्यांत ठिकठिकाणीं चिमण्या दिसूं लागल्या. या कारखान्यांत लोखंड गंजणें कोणास नवें नाहीं. परंतु आज ज्या शत्रूविषयीं मी बोलणार आहें, त्याला आपण स्वतःच पोत्यांत भरून घरांत आणतों. तो म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणि तिचें द्रवरूप भावंड सोडियम हायपोक्लोराइट.

आणतों तें अर्थात् कारणानेंच. चरकाच्या सांदीकोपऱ्यांत रस सांचला कीं ल्युकोनोस्टॉक नांवाचे जंतु त्यांत वाढतात व साखरेचा चिकट डिंक करून टाकतात. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचा कांहीं भाग असा वायां जातो. दूधसंघांतील नळ्या निर्जंतुक करण्यास हेंच द्रव्य लागतें, आणि मुळा धरणाचें पाणी अहिल्यानगरच्या घरांत पोंचण्यापूर्वीं त्यासहि क्लोरीनचा संस्कार घडावा लागतो.

आतां धातूंकडे वळूं. साधें पोलाद व बीड या द्रवापुढें टिकत नाहींत. जस्ताचा मुलामा लवकरच उडतो. ॲल्युमिनियम तर दुहेरी मरतें, कारण हा द्रव क्षारधर्मीहि असतो. पितळेंतील जस्त झिरपून जातें आणि मागें तांबूस, भुसभुशीत तांबें उरतें. नळी दिसते शाबूत, पण बोटानें दाबल्यास मोडते. शिवाय तांबें, निकेल यांचे अंशमात्र कण द्रवांत उतरले तरी हायपोक्लोराइटच झपाट्यानें विघटित होतें. म्हणजे भांडेंहि गेलें आणि औषधहि गेलें!

“मग स्टेनलेस स्टील वापरा” असें कोणीहि म्हणेल. 1913 सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें केलेल्या या पोलादाचें सामर्थ्य त्यांतील क्रोमियममध्यें आहे. क्रोमियम हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून मिलिमीटरच्या कांहीं दशलक्षांश जाडीचें कवच धारण करतें. कवच खरवडलें तर तें पुन्हां जमतें. परंतु हायपोक्लोराइट तयार होतांना त्याच्याबरोबर मीठहि तयार होतें, आणि मिठांतील क्लोराइड या कवचास एखाद्या बिंदूवर भेदतें. त्या बिंदूखालीं खड्डा पडतो, खड्ड्यांतील पाणी आम्लधर्मी होतें, आणि मग खड्डा स्वतःच स्वतःला खोल करीत जातो. सारा पत्रा आरशासारखा चकचकीत, आणि मधोमध सुईएवढें आरपार भोक! दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेलें 316 जातीचें पोलाद 304 पेक्षां अधिक तग धरतें. पण तीव्र हायपोक्लोराइटच्या सांठवणीस तेंहि योग्य नव्हे. महाग पत्रा घेतला म्हणजे काळजी मिटली, ही समजूत मला अनेक ठिकाणीं आढळते. सांठवणीस साधी प्लॅस्टिकची किंवा रबराचें अस्तर दिलेली टाकी त्याहून बरी, आणि पुष्कळ स्वस्त.

टिटॅनियम मात्र या द्रवांत उत्तम टिकतें. पण गंमत पाहा: कोरड्या क्लोरीन वायूंत हेंच टिटॅनियम पेट घेतें, आणि साधें पोलाद तो वायु सुखेनैव सांभाळतें, म्हणून तर क्लोरीनचीं नळकांडीं पोलादाचीं असतात. त्यांत ओल शिरली कीं पोलादाचा नाश आरंभतो.

स्टेनलेस स्टीलच्या नळ्या निर्जंतुक करावयाच्या असतील तर विरल द्रव, थंड पाणी आणि थोडीं मिनिटें, एवढें पथ्य पाळावें. द्रव रात्रभर नळींत सोडून घरीं जाणें हें धातूस मारक. धुतल्यावर स्वच्छ पाणी भरपूर फिरवावें. बाष्पीभवन-पात्रें साफ करण्याचें आम्ल व हा द्रव यांची तर एका मोरींतहि गांठ पडूं देऊं नये. त्यांतून निघणारा क्लोरीन वायु कामगाराच्या फुप्फुसांवरच घाला घालतो.

टाकीवरच्या शिडीचे बोल्ट द्रवाला न लागतांहि वाफाऱ्यानें झिजतात, आणि माणूस त्या शिडीवर चढतो. म्हणून तपासणी तेथून सुरू करावी. मग हंगामबंदीच्या दुरुस्तींत आंत दिवा नेऊन पॅकिंगच्या कडेखालीं, वेल्डिंगच्या शेजारीं व द्रवाच्या पातळीच्या रेषेवर पाहावें. जेथें तपकिरी ठिपका दिसेल तेथें थांबावें. ठिपका राईएवढा असला तरी खालील खड्डा केवढा आहे, हें वरून सांगतां येत नाहीं.