चाक, चिखल आणि बर्फ



मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर आमच्या भडगाव तालुक्यातल्या काळ्या रानातून ज्याने भरली गाडी बाहेर काढली आहे, त्याला बर्फावर मोटार कशी चालवावी हे निम्मे तरी ठाऊक असते. हे तुम्हांला थट्टेचे वाटेल. मलाही वाटले असते. पण माझ्या पुतण्याच्या एका फोनाने मला या विचाराला लावले.

हा पुतण्या जर्मनीत नोकरीला आहे. तेथे त्याने एक जुनी गाडी विकत घेतली. दोन माणसांची, बुटकी, पोट जमिनीला लागेल अशी. तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. इंजिन दांडगे, मागची चाके ओढणारी, टायर रुंद. उन्हाळ्यात ती गाडी वाऱ्यासारखी पळाली. मग हिवाळ्यातल्या एका सकाळी चार बोटे बर्फ पडला आणि घरासमोरचा लहानसा चढ तिला चढवेना. शेजारच्या म्हाताऱ्या बाई आपली डबीएवढी गाडी घेऊन शांतपणे वर निघून गेल्या. पोराला ते फार लागले. त्याने मला फोन केला.

"काका, एवढं मोठं इंजिन, आणि गाडी जागची हलत नाही!"

मी विचारले, "चाक फिरतंय का?"

"गरगर फिरतंय. उलट गाडीचं शेपूट आडवं होतंय."

"मग इंजिनाला कशाला बोल लावतोस? ते आपलं काम करतंच आहे. पाय काढ, आणि खाली उतरून चाकाखाली काय आहे ते बघ."

श्रोते हो, हे शहाणपण माझे नाही, माझ्या वडिलांचे आहे. गावात ट्रॅक्टर नवा नवा आला होता तेव्हाची गोष्ट. नाल्याजवळच्या वाटेवर तो रुतला. चालक रेस वाढवी, आणि चाक तेवढा खड्डा अधिक खोल करी. बांधावर उभे राहून आबा हसले नि आमच्या अहिराणीत म्हणाले, "चाक गरगर फिरस, पन गाडी तठेच!" मग त्यांनी इंजिन मंद करायला लावले, चाकापुढे पऱ्हाट्या आंथरल्या, आणि ट्रॅक्टर बाहेर आला. त्यांची बैलगाडी रुतली तरी ते हेच करीत. बैलांवर चाबूक ओढताना मी त्यांना पाहिले नाही. जनावराच्या खुराला धरायला काही नसेल तर मारून काय होणार?

सारा प्रश्न धरण्याचा आहे. शिक्षक बंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे. गाडी बाराशे किलो वजनाची धरा. एका चाकावर आले तीनशे किलो. टायरमध्ये हवा ३० पौंडांची, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार करा. एका चाकाचा जमिनीला टेकलेला भाग निघतो सुमारे १४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या पंजाएवढा. गाडी लाखाची असो की कोटीची, तिला रस्त्यावर धरून ठेवणारे हे चार पंजे. पळणे, वळणे आणि थांबणे, तिन्ही कामे त्यांचीच.

आता दुसरे गणित. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरा, दाबलेल्या बर्फावर ०.२, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर पहिल्या ठिकाणी १४ मीटरांत थांबते, दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ ५० मीटर घेते आणि तिसऱ्या ठिकाणी सुमारे १०० मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर जाण्यापूर्वी गेलेले अंतर वेगळेच. आणि वेग दुप्पट केला तर यातले प्रत्येक अंतर चौपट होते.

आता टायरकडे वळू. हवेचा टायर चालता केला तो एका जनावरांच्या डॉक्टरने. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमध्ये गुराढोरांवर उपचार करीत. मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसतात म्हणून त्यांनी १८८८ साली हवेची रबरी नळी चाकावर चढविली. तशी युक्ती रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ सालीच नोंदविली होती, पण ती मागे पडून गेली होती. त्या डनलॉपांचे नाव आपल्याकडे मोटारीपेक्षा बैलगाडीला अधिक चिकटले. लोखंडी धाव बसविलेल्या लाकडी चाकाची ती गाडी, आणि रबरी चाकांची ती डनलॉप गाडी.

या दोन गाड्या डोळ्यांसमोर ठेवा. धाव अरुंद, म्हणून काळ्या रानात ती मातीत कापत जाते आणि रुतते. कारण आपल्या काळ्या मातीला पावसाळ्यात लवकर तळ लागत नाही. रबरी चाक रुंद, ते वजन पसरते आणि वरच्या वर चालते. मग रुंद चाक नेहमीच चांगले का? नव्हे. रस्त्यावरच्या चार बोटे बर्फाखाली टणक सडक असते. अरुंद टायर बर्फ कापून तिच्याजवळ जातो. रुंद टायर बर्फावर पाटासारखा घसरतो. पुतण्याच्या गाडीचे रुंद टायर उन्हाळ्यात भूषण होते, तेच हिवाळ्यात आड आले.

दुसरी गोष्ट रबराची. गुळाची ढेप पौष महिन्यात फोडायला बत्ता लागतो. तीच वैशाखात बोटाला चिकटते. रबराचेही असेच आहे. उन्हाळ्यासाठी केलेला टायर सात अंश सेल्सियसच्या खाली गेला की ताठर होऊ लागतो आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत बसत नाही. बर्फ पडलेलाच पाहिजे असे नाही, थंडी पुरते. हिवाळी टायरच्या रबरात नैसर्गिक रबर व सिलिका अधिक घालतात, म्हणून ते थंडीतही मऊ राहते. त्याच्या ठोकळ्यांवर सुरीने ओढल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्या उघडतात, मिटतात, बर्फावरचा पाण्याचा पातळ पापुद्रा पुसतात आणि कडांनी धरतात. फिनलंडमध्ये नोकिया गावच्या रबर कारखान्याने ट्रकसाठी असा टायर १९३४ साली काढला, आणि मोटारीसाठी १९३६ साली.

येथे मात्र माझा चिखलाचा दाखला अपुरा पडतो, ते सांगितले पाहिजे. हिवाळी टायरच्या खाचांत बर्फ भरून राहिला तर बरेच. बर्फाला बर्फ चांगला धरतो. आपली चिकण माती खाचांत भरली की घात. टायरचा नुसता गुळगुळीत गोळा होतो. म्हणूनच ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला उंच, तिरप्या आणि लांब लांब पट्ट्या असतात. चाक फिरताना माती बाहेर फेकली जावी यासाठी. तो टायर बाणाची दिशा पाहून बसवावा. उलटा बसविला की माती बाहेर जाण्याऐवजी मधे दाबली जाते. आमच्याकडे मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, तेही चाकावर वजन यावे आणि पकड वाढावी म्हणून.

वजन ओढणाऱ्या चाकावर हवे, याचा मोठा दाखला १९६५ सालच्या माँटे कार्लो मोटार शर्यतीत मिळाला. त्या वर्षी बर्फाने कहर केला होता. मोठमोठ्या गाड्या अडल्या, आणि जिंकली ती मिनी कूपर नावाची चिमुकली गाडी. फिनलंडचा टिमो मॅकिनेन ती चालवीत होता. तिचे इंजिन पुढे, आणि ओढणारी चाकेही पुढचीच. पुतण्याच्या गाडीत सारे उलटे: जड इंजिन पुढे, ओढ मागे, आणि मागची बाजू हलकी.

म्हणून मी त्याला सांगितले, की चारही टायर बदल. दोनच बदलले तर गाडीचे एक टोक धरते नि दुसरे सुटते. जर्मनीत रस्ता बर्फाळ असेल तर हिवाळी टायर कायद्यानेच लागतात, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण काढलेली खूण असलीच पाहिजे. शेजारच्या ऑस्ट्रियात खाच ४ मिलिमीटरांहून उथळ झालेला हिवाळी टायर हिवाळी म्हणून मानीतच नाहीत.

चालविण्याचे थोडक्यात सांगतो. हलक्या पायाने, हवे तर दुसऱ्या गिअरमध्ये निघावे. वळणावर ब्रेक दाबू नये, वळणाआधी वेग उतरवावा. गाडीचे शेपूट सुटले तर पाय अलगद काढून, जिकडे जायचे तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग तिकडे वळवावे. आणि पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवावे, ते वरच्या गणितात आलेच आहे.

तुम्ही म्हणाल, खान्देशात बर्फ कोठे? खरे आहे, पण आपली माणसे बर्फापर्यंत जातात. मनालीजवळचा ९ किलोमीटरांचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून महाराष्ट्रातली कुटुंबेही नाताळच्या सुटीत तिकडे जातात. डिसेंबर २०२४ मध्ये त्या वाटेवर शेकडो गाड्या बर्फात अडकून पडल्या होत्या. मैदानातले टायर घेऊन तेथे स्वतः गाडी घालू नये. तिकडचा चालक घ्यावा, आणि गाडीत चाकाच्या साखळ्या आहेत का ते निघण्यापूर्वी विचारावे. साखळी ओढणाऱ्या चाकांवर चढवितात, सावकाश चालवितात, आणि कोरडी सडक लागली की काढतात.

आपल्या गावी मात्र कोणी हौसेने हिवाळी टायर घेऊ नयेत. आपल्या ४४-४५ अंशांच्या उन्हात ते मऊ रबर झिजून जाईल. आपले बर्फ म्हणजे काळी माती, आणि ते शेतातच राहात नाही. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांबरोबर ती डांबरी सडकेवर आणतो. वरून एक सर आली की तिचे लोणी होते. अशाच एका संध्याकाळी मी मोटारसायकलवरून आपटलो. गळ्याजवळचे हाड मोडले. माझा पुढचा टायर गोटा झाला होता, तो मी दिवाळीनंतर बदलणार होतो. ट्रॅक्टर कोणाचा ते मला ठाऊक आहे. नाव घेत नाही, कारण त्याच हंगामात माझ्याही ट्रॅक्टरने तेच केले होते. आता बांधावर एक जुने फावडे ठेवले आहे. सडकेवर चढण्यापूर्वी चाकांची माती खरवडायला पाच मिनिटे लागतात. सालदार पहिले आठ दिवस कुरकुरला.

मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो कायद्याने बाद. खाचेच्या तळाशी लहान उंचवटे असतात. ठोकळे झिजून त्यांच्या बरोबरीला आले की समजावे. हवा सकाळी, गाडी थंड असताना पाहावी. तापमान सहा अंशांनी उतरले की हवा साधारण एक पौंडाने उतरते. आश्विनात बरोबर भरलेली हवा पौषात कमी भरते ती यामुळे, पंक्चर असेलच असे नाही.

पुतण्याने पुढच्याच आठवड्यात चार हिवाळी टायर घेतले, मूळच्यापेक्षा जरा अरुंद. उन्हाळी चार तळघरात रचून ठेवले, प्रत्येकावर कोणत्या बाजूचे ते खडूने लिहून. जर्मन लोकांचा नेम ऑक्टोबर ते ईस्टर असा आहे, त्याप्रमाणे तो ते पुन्हा चढवील. चढ आता चढतो म्हणतो.

मी विचारले, "आणि डिकीत काय ठेवलंस?"

"एक फावडं नि वाळूची पिशवी," तो म्हणाला. "पऱ्हाट्या इकडे मिळत नाहीत, काका."