उपासनेनंतरचे सहा दिवस



ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभराच्या साहित्याचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. साहित्याकडे मी येणारच आहे, पण जरा वळसा घालून. आधी मागच्या रांगांत बसलेल्या तरुणांशी बोलायचे आहे. तरुणांनी आपल्या विश्वासासाठी काय करावे, हा प्रश्न आपल्या प्रत्येक मंडळीत विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. गायनवृंदात गा, संडेस्कूलचा वर्ग घ्या, तरुण संघाचे शिबिर भरवा, कन्व्हेन्शनला खुर्च्या लावा. यांतले काहीच वाईट नाही. पण या साऱ्याला आठवड्याचे चार-पाच तास लागतात. उरलेले सगळे तास तरुण माणूस कचेरीत, कारखान्यात, वॉर्डात, दुकानात आणि घरात काढतो. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे एक टक्क्याहूनही किंचित कमी आहेत. म्हणजे त्याचे सहकारी, साहेब, गिऱ्हाइके, घरमालक बहुतेक सगळे ख्रिस्तेतर. या माणसांशी तो कसा वागतो, हाच त्याच्या विश्वासाचा मुख्य व्यवहार आहे आणि मंडळीतली सेवा ही त्याची पुरवणी आहे, असे माझे म्हणणे आहे. आपण पुरवणीलाच मूळ उत्तरपत्रिका समजून बसलो आहोत.

असे का झाले, याचे एक कारण आपल्या इतिहासात आहे. आपला समाज मिशनच्या संस्थांच्या सावलीत वाढला. १८४२ साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू झाला, १८९४ साली वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालयाचे काम सुरू केले, गावोगाव शाळा, वसतिगृहे, कुष्ठधामे उभी राहिली. या संस्थांचे ऋण मोठे आहे आणि ते फेडण्याची भाषा करण्याचीही आपली ऐपत नाही. पण त्यांची एक सवय आपल्या अंगवळणी पडली. शेजाऱ्यावर प्रीती करायची ती रुग्णालयाने, अज्ञान घालवायचे ते शाळेने; आपण रविवारी उपासनेला यायचे, दशांश द्यायचा आणि अहवालातले आकडे ऐकून समाधान मानायचे. आपल्या वाटची सेवा संस्थेने केली. आज त्यांतल्या कित्येक संस्था डबघाईला आल्या आहेत, कित्येकींच्या जमिनींचे दावे कोर्टात पडून आहेत. त्याबद्दल हळहळ वाटणे साहजिक आहे. मात्र हळहळीत आपण हे विसरतो की, संस्था नव्हत्या तेव्हाही हा विश्वास जगला जात होता आणि तो नित्याच्या कामातच जगला जात होता.

लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय आठवा. यार्देनकाठी योहानाचे खडे बोल ऐकून लोक हादरतात आणि आम्ही काय करावे, असे विचारतात. विचारणाऱ्यांत जकातदार आहेत, शिपाईही आहेत. जकातदार म्हणजे रोमी सत्तेचा वसुली करणारा, लोकांच्या शिव्याशापांचा धनी. योहानाने त्याला नाका सोडून रानात ये, असे सांगायला हवे होते, कारण तो स्वतः रानातच राहत होता. तसे तो सांगत नाही. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नकोस, एवढेच सांगतो. शिपायांना म्हणतो, दमदाटी करून पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, मिळतो त्या पगारात भागवा. पश्चात्तापाचे फळ मागितले गेले ते थेट पगाराच्या आणि वसुलीच्या जागी. तुमच्यापैकी जे सरकारी खात्यात रुजू झाले असतील त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. मोजमाप पुस्तिकेत खडीचा थर पंचाहत्तर मिलिमीटर लिहायचा असतो आणि रस्त्यावर तो पन्नाससुद्धा भरत नाही. ठेकेदाराचा माणूस पुस्तिका उघडून, पान काढून, वर पेन ठेवून उभा असतो. आपल्याकडे परिचारिकांची परंपरा मोठी, म्हणून दुसरे उदाहरण वॉर्डातले. पहाटे पाचला टीपीआर चार्ट भरायचे असतात, रुग्ण चाळीस आणि सिस्टर एकटी. थर्मामीटर न लावता, नाडी न धरता, कालच्या आकड्यांच्या आसपासचे आकडे टाकून रकाने भरता येतात. कोणी विचारत नाही. त्या पहाटे सातव्या खाटेवरच्या म्हातारीचा हात खरोखर हातात धरायचा की नाही, हा माझ्या लेखी विश्वासाचा प्रश्न आहे. त्या रविवारी ती सिस्टर प्रभुभोजनाला हजर होती की ड्यूटीवर, हा नंतरचा.

आपल्या मराठी परंपरेतही हेच दिसते. पंडिता रमाबाईंचा ख्रिस्ती विश्वास केवळ त्यांच्या धर्मविषयक लेखनात शोधू नये. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या बायका-मुली केडगावला राहिल्या. तिथे विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला. ज्यांना अक्षर माहीत नव्हते त्या खिळे जुळवू लागल्या, अंध मुलींना ब्रेल शिकवली गेली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली पूर्ण छापून निघाले, तेही याच छापखान्यातून. त्या कामात खिळे जुळवणारीचा वाटा कमी पवित्र होता, असे कोण म्हणेल? आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी सरकारवर जाहीर टीका केली. राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही. सत्तेचा आणि आपला धर्म एक असताना सत्तेला खोटे ठरवणे अवघड असते. ते त्यांनी केले.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तर घराच्या चार भिंतींतले आहे. त्यांचे पती टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. बाईंनी पाच वर्षांनी, १९०० साली. मधल्या काळात सोवळेओवळे कसे गळत गेले, हे त्यांनी 'स्मृतिचित्रां'त सांगितले आहे. त्या साऱ्या प्रवासात प्रश्न आहेत ते पाणी कोणाच्या हातचे प्यावे, चूल कोणाची, पंगतीला शेजारी कोण. धर्मशास्त्राचा काथ्याकूट शोधायला गेलात तर निराश व्हाल. आणि बाई प्रामाणिक असल्यामुळे दुसरी बाजूही लपत नाही. टिळकांचे दातृत्व अफाट, पण महिनाअखेर त्याची किंमत स्वयंपाकघराला मोजावी लागे. घराबाहेर संत आणि घरात बेफिकीर असणे ही थोरामोठ्यांनाही न चुकलेली वाट आहे. तरुण संघाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्यांनी हे पुस्तक त्या नजरेने पुन्हा वाचावे.

घराचा विषय निघाला आहे तर कटू बोलून टाकतो. आपल्याकडे लग्न जमवताना दोन्ही घरी नियमित उपासना होते का, हे विचारतात आणि लगेच आवाज खाली आणून मूळचे कोण, हेही विचारतात. बाप्तिस्म्याला चार-पाच पिढ्या झाल्या तरी हा दुसरा प्रश्न मेलेला नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले, हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध आपण मोर्चे काढतो, ते योग्यच आहे. पण धर्म बदलला तरी जात सुटत नाही, हे आपण सरकारदरबारी सांगतो तेव्हा तो आपल्याच विरुद्धचा पुरावा असतो. तो खोडून काढण्याचा अधिकार कोणत्याही आयोगाकडे नाही; तो लग्नाच्या वयाच्या मुलामुलींकडे आणि त्यांच्या आईबापांकडे आहे.

या मांडणीवर आक्षेप येतील, काही यायलाच हवेत. पहिला आक्षेप जाणत्या पाळकांचा : तारण कृपेने होते, कर्मांनी नव्हे; तुम्ही विश्वासाची जागा सदाचाराला देता आहात. हा आक्षेप वजनदार आहे. मार्टिन ल्यूथरने याच भीतीने याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हणून हिणवले होते. पण त्याच ल्यूथरने हेही शिकवले की, मठात जाणे हे काही वरच्या पायरीचे पाचारण नाही. चांभाराचे, आईचे, मोलकरणीचे काम हेही देवाचेच पाचारण. जकातदार जक्कयाच्या गोष्टीतला क्रम बघा. येशू आधी त्याच्या घरी उतरतो. चौपट परत करण्याची भाषा जक्कय नंतर करतो. हिशेब चुकता केला म्हणून पाहुणा आला नाही. पाहुणा आला म्हणून हिशेबाची वही उघडली गेली. कृपा पहिली, हे मला पूर्ण मान्य आहे. वही कधीच उघडली गेली नाही तर मात्र पाहुणा खरोखर आत आला होता का, अशी शंका घेण्याचा शेजाऱ्यांना हक्क आहे.

दुसरा आक्षेप तुमच्या वयाचा आहे. प्रामाणिक इंजिनिअर आणि मायाळू सिस्टर हिंदू, बौद्ध, मुसलमान, नास्तिकही असतात. मग यात ख्रिस्ती ते काय? असतातच, आणि पुष्कळदा आपल्याहून सरस असतात. चांगुलपणाचा मक्ता येशूने आपल्याला दिलेला नाही. शेजारी कोण, हे सांगताना त्याने शोमरोनी निवडला, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या लेखी बाहेरचा, बाटलेला माणूस. याजक आणि लेवी यांना त्याने रस्त्याच्या पलीकडून जायला लावले. म्हणून वेगळे दिसण्याची हौस सोडावी. आपल्यापाशी वेगळी आहे ती प्रेरणा, आणि चुकल्यावर परत येण्याची मुभा. ज्याने एकदा खोटे मोजमाप लिहिले त्याला दुसऱ्या दिवशी खरे लिहिण्याचा दरवाजा बंद होत नाही, हे शुभवर्तमान आहे. दोषी माणूस बहुधा आता काय फरक पडतो म्हणून दोषीच राहतो.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. सध्याच्या वातावरणात ख्रिस्ती माणसाने कोणाचे भले केले तरी त्यात धर्मांतराचा वास शोधला जातो. तेव्हा गप्प राहावे, नाव झाकून जगावे, असे सल्ले घराघरांत दिले जातात. भीती खोटी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०२०च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झालाच. पण त्या माणसाने त्याआधी वसईत काय केले होते? हरित वसईच्या चळवळीत उभे राहून जमिनी, विहिरी आणि पाणी वाचवण्यासाठी धाकदपटशाला तोंड दिले होते. विहिरीतले पाणी पिणाऱ्याचा धर्म विचारत नाही. मराठी वाचकाने त्यांना आपले मानले ते यामुळेही. मात्र आपल्या इतिहासात दुष्काळात अन्न आणि उपदेश एकाच हाताने वाटले गेल्याचे प्रसंग आहेत. त्यावरचा संशय निव्वळ द्वेषातून आला, असे म्हणून सुटता येणार नाही. सेवेचे आमिष करायचे नाही आणि विचारल्यावर विश्वास लपवायचाही नाही. ही तारेवरची कसरत खरी, पण तुमच्या पिढीला ती टाळता येणार नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड. सही करायला नकार देणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याची उद्या गडचिरोलीला बदली होईल. कंत्राटी मुलाची तर नोकरीच जाईल. घरी कर्ज, बहिणीचे शिक्षण. सुरक्षित खुर्चीवरून त्याला धैर्याचा उपदेश करणे सोपे आहे आणि थोडे निर्लज्जपणाचेही आहे. याला माझ्यापाशी तरुणांसाठी उत्तर नाही. जे आहे ते मंडळ्यांसाठी आहे. एकट्याने किंमत मोजावी, अशी अपेक्षा पहिल्या मंडळीने केली नव्हती. प्रेषितांच्या कृत्यांत गरजेप्रमाणे वाटून घेणारी माणसे दिसतात. आपले दशांश मात्र कुंपणभिंतीत, ध्वनिवर्धकात आणि रंगरंगोटीत जातात. खरे बोलल्यामुळे ज्याची नोकरी गेली त्याचे सहा महिन्यांचे घरभाडे भरण्याची तरतूद किती मंडळ्यांच्या अंदाजपत्रकात आहे? ती नसेल तर व्यासपीठावरून प्रामाणिकपणावर बोलण्याचा आपला अधिकार कमी होतो.

आता साहित्याकडे येतो. बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले, ते विधवांच्या हालांवर. म्हणजे मराठी ख्रिस्ती गद्याची नजर आरंभापासून लोकांच्या जगण्यावर होती. पुढे आपण साक्षींची पुस्तके लिहू लागलो आणि त्या साक्षी बाप्तिस्म्याच्या दिवशी संपू लागल्या. त्यानंतरच्या वीस वर्षांत त्या माणसाने सावकाराशी, सुनेशी, युनियनशी, वरिष्ठाशी कसा व्यवहार केला, यावर आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे. मिरजेच्या वॉर्डातली रात्रपाळी, वसईच्या बागायतदाराने न विकलेली जमीन, नगरच्या शाळेतल्या शिक्षिकेने थांबवलेली कॉपी, पुण्याच्या आयटी कंपनीत खोटे तास लिहायला नकार देणारा मुलगा, हे विषय कादंबरीला पुरून उरतील. त्यांत नायक हरला तरी चालेल, विश्वास डळमळला तरी चालेल. सगळे गोड करून संपवायचा मोह तेवढा आवरावा.

कार्यकारिणीकडे मी दोन ठरावांचे मसुदे दिले आहेत. पहिला असा की, पुढच्या संमेलनात तरुणांसाठीचा परिसंवाद कामधंद्यातल्या विश्वासावर व्हावा आणि त्यात बोलणारे सगळे पस्तिशीच्या आतले, पगारावर किंवा रोजंदारीवर काम करणारे असावेत. पाळकांनी आणि अध्यक्षांनी समोर बसून ऐकावे. दुसरा मंडळ्यांना उद्देशून आहे : वर्षाच्या अंदाजपत्रकात खरे बोलल्यामुळे नोकरी गमावलेल्या तरुणांसाठी एक रक्कम वेगळी काढावी आणि ती नाव न फोडता द्यावी. दोन्ही ठराव उद्या दुपारच्या सत्रात चर्चेला येतील. विरोध असणाऱ्यांनी तो तिथे उघडपणे मांडावा, अशी विनंती करून मी थांबतो.