सेवानिवृत्तांनी पुढे काय करावे?

(पाटोदा येथे सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



निरोप समारंभाचे हार वाळायच्या आत सेवानिवृत्त माणसाच्या दारात तीन प्रकारचे लोक येतात. एक विमावाला, दुसरा प्लॉटवाला आणि तिसरे आपलेच सोयरे. पैशाविषयी आम्ही थोडक्यातच बोलणार आहोत. पेन्शनचा जो भाग आपण आगाऊ विकून रक्कम घेतो, तो १५ वर्षांनी पूर्ववत सुरू होतो. तोवर हातात येईल तेवढ्यातच संसार भागवायचा आहे, हे हिशेबात धरा. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला चुकवू नका. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पत्नीचे नाव आणि जन्मतारीख कागदोपत्री बरोबर आहे की नाही, हे आपल्या हयातीतच पाहून घ्या. नंतर ती माउली एकटी ट्रेझरीच्या पायऱ्या झिजवते. आणि १ नोव्हेंबर २००५ पासून शासकीय सेवेत लागणाऱ्यांसाठी जुन्या पेन्शनऐवजी अंशदायी योजना आली. त्यामुळे मुलांचे लक्ष बापाच्या पेन्शनवर असते, यात नवल नाही. पण फंड आणि ग्रॅच्युइटी एकाच लग्नात किंवा एकाच स्लॅबमध्ये घालू नका, एवढेच आमचे सांगणे.

खरा प्रश्न वेगळा आहे. राज्य शासनाच्या नोकरीत ५८ वर्षे पूर्ण झाली, चतुर्थ श्रेणीत ६०, की एका दिवसात माणूस मोकळा होतो. कालपर्यंत गुरुजी, तलाठी आप्पा, सिस्टर, कंडक्टर म्हणून हाक यायची. आता सकाळी अंघोळ करून, कपडे घालून बसायचे आणि जायचे कुठे? घरातल्या माणसांनाही कळत नाही की याचे काय करावे.

याचे कारण आमच्या मते असे आहे की, आपल्या घरात निवृत्त होणे कोणी पाहिलेलेच नव्हते. आपला आजा निवृत्त झाला नाही. तो हातपाय चालेपर्यंत दुसऱ्याच्या बांधावर राबला आणि एक दिवस बसला, तो उठलाच नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले, त्यालाच पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले. आमच्या आधीचे लोक तिथे शिकले, त्यांनी वाट पाडली, त्या वाटेने आम्ही नोकरीत शिरलो. नोकरी कशी करावी हे कसेबसे शिकलो. नोकरी संपल्यावर कसे जगावे हे शिकवायला घरात कोणी नव्हते. आम्हीच त्यातले पहिले.

म्हणून बाहेरची दोन माणसे डोळ्यांपुढे ठेवू. शांताबाई कांबळे सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या. जन्म १९२३ चा. शिक्षिका झाल्या, पुढे जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या आणि १९८१ साली निवृत्त झाल्या. नोकरी, लेकरे आणि घर यांत जे लिहायला सवड नव्हती, ते त्यांनी निवृत्तीनंतर लिहायला घेतले. १९८३ पासून ते 'पूर्वा' मासिकातून येऊ लागले आणि १९८६ साली 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे पुस्तक झाले. दूरदर्शनवर 'नाजुका' नावाने त्याची मालिकाही झाली. २०२३ साली, जवळजवळ शंभरीच्या उंबरठ्यावर, त्या गेल्या. म्हणजे निवृत्तीनंतर ४० वर्षांहून अधिक काळ त्यांच्या पदरात पडला! आपण ज्याला उरलेले दिवस म्हणतो, तो एवढा मोठा असू शकतो.

दुसरे दामोदर जाधव. मूळ नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचे, मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमधले कामगार, शिक्षण नावापुरते. निवृत्त झाल्यावर मुलाने, म्हणजे अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांनी, आग्रह धरला की तुमच्या आठवणी लिहा. त्यांनी जमेल तसे, आपल्या बोलीत लिहिले. त्यातूनच 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक १९९३ साली उभे राहिले. मुलाने वही दिली नसती, तर ते सगळे त्यांच्याबरोबरच गेले असते. आपल्यापैकी किती जणांच्या घरी अशी वही आहे?

सगळ्यांनीच पुस्तके लिहावीत असे मात्र नाही. आपल्या तालुक्यात काम दारातच पडले आहे. दसरा उलटला की बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. उन्हाळा लागेपर्यंत वस्तीवर म्हातारी माणसे आणि शाळेची लेकरे, एवढीच उरतात. काही लेकरे आईबापांबरोबर कोपीवर जातात आणि त्यांचे वर्ष बुडते. हंगामी वसतिगृहे निघतात, पण कधी उशिरा, कधी अपुरी. आणि याच सहा महिन्यांत गावात पेन्शन घेणारा, शिकलेला, तब्येतीने बरा असा माणूस पारावर बसून म्हणतो, वेळ जात नाही!

मुकादमाकडून घेतलेली उचल किती, एका कोयत्यामागे किती, फिटली किती, अंगावर राहिली किती, हा हिशेब जोडप्याला कोणी मांडून देत नाही. निघण्यापूर्वी तो एका वहीत लिहून त्याची प्रत त्यांच्या हाती देणे, हे तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला जड नाही. श्रावणबाळ, संजय गांधी निराधार योजना यांचे अर्ज दाखल्याअभावी अडून राहतात. तहसीलमध्ये कोणता कागद कोणत्या टेबलावर थांबतो, हे आपल्यातल्या महसूलवाल्यांइतके कोणाला ठाऊक आहे?

एक गोष्ट कडू आहे, पण बोलतो. खुर्ची गेली की आपल्यातले पुष्कळ जण दुसरी खुर्ची शोधतात. पहिली धाव विहाराच्या कमिटीकडे, दुसरी जयंती मंडळाच्या अध्यक्षपदाकडे. मग पोरे बाजूला होतात आणि दोन गट पडतात. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती आपण दर जयंतीला सांगतो. ती सांगणारेही आपणच, आणि ती लागू होते तेही आपणच. पद पोरांकडे राहू द्या, काम आपण घेऊ.

आणि आमच्या भगिनींविषयी. नोकरी केलेली बाई निवृत्त होते ती फक्त शाळेतून किंवा दवाखान्यातून. चुलीतून तिला कोणी निरोप दिलेला नाही. घरी बसलेल्या गुरुजींना दिवसातून चार वेळा चहा करून देणे, ही तिची नवी ड्यूटी होते. तिला दोन तास मोकळे मिळायचे असतील, तर गुरुजींनी आपला चहा आपण करायला शिकावे. निवृत्त नर्सताईंची गरज वस्तीवरच्या गरोदर सुनांना आणि रक्तदाबाच्या म्हाताऱ्यांना आहे.

तेव्हा दसऱ्याच्या आत एवढे करू. आपापल्या वस्तीत कोणाची किती लेकरे मागे राहणार, कोणत्या इयत्तेतली, सांभाळायला कोण, याची यादी करू. विहार संध्याकाळी दीड तास उघडा ठेवायचा आहे, दिवाबत्तीचा खर्च आपण वाटून घेऊ. कोणता वार कोणाचा, हे लिहायला दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. जाण्यापूर्वी नाव घाला, आणि विहाराची किल्ली सध्या कोणाकडे असते तेही त्यातच लिहा. जयभीम.