संशोधनाचे ऋण आणि आपले ग्रंथालय

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या निमित्ताने मराठीच्या प्राध्यापकाला बोलावले, म्हणजे त्याने ‘ग्रंथ आणि संस्कृती’ असा एखादा सुरक्षित विषय घ्यावा, अशी संयोजकांची अपेक्षा असणार. ती मी पुरी करू शकत नाही, याबद्दल क्षमा असावी. शाळा, दवाखाना आणि खाण या तीन ठिकाणी माणसांविषयी जे संशोधन होते, त्याविषयी मला आज बोलायचे आहे. ज्यांच्याविषयी ते होते, त्यांच्या हाती ते परत येते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नाला कारण झाला माझा एक विद्यार्थी. उटनूरकडच्या एका गुड्यातला हा गोंड मुलगा काही वर्षांपूर्वी घरी आला असता माझ्या टेबलावर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा १९४८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ होता. त्याने तो उघडून चित्रे पाहिली. इंग्रजी मजकूर त्याला झेपेना, म्हणून कुळाच्या देवतेच्या पूजेविषयीची दोन पाने मी त्याला मराठीत सांगितली. मध्येच त्याने मला थांबवून एका शब्दाचा उच्चार दुरुस्त केला. जाताना म्हणाला, “सर, हे आजोबांना कोणी वाचून दाखवायला हवे होते.” आजोबा तोवर निवर्तले होते. त्यांच्याच पिढीच्या जीवनावर लिहिलेला तो ग्रंथ लंडनच्या अभ्यासकांना ठाऊक होता; त्यांना नव्हता.

हायमेनडॉर्फ यांच्यावर मात्र हा आरोप सरसकट करता येत नाही, आणि म्हणूनच मी त्यांची निवड केली आहे. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम यांचा लढा निजामाच्या पोलिसांनी गोळ्यांनी मोडला. गोंड असे जिवावर उदार का झाले, याचा शोध घेण्याची उपरती त्यानंतर सरकारला झाली. योगायोग असा, की हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडला होता. त्याने नुसता अहवाल लिहून हात झटकले असते, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. पण १९४३ मध्ये मार्लवाई या गावी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. (अविभक्त आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ मध्ये चार जिल्हे झाल्यापासून हे गाव कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते, आपल्या मनातून ते गेलेले नाही.)

त्या केंद्राची शिक्षणविषयक कल्पना आजही तपासून पाहण्याजोगी आहे. थोडेबहुत मराठी लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण शोधून त्यांनाच शिक्षक करावयाचे, मुलांना पहिली अक्षरओळख गोंडीतूनच करून द्यावयाची, आणि गोंडी ही द्राविड कुळातील भाषा असली तरी तिची पुस्तके देवनागरीत छापावयाची, अशी ती योजना होती. देवनागरी का, तर या डोंगरात लेखनाची म्हणून जी ओळख होती, ती मराठीच्या द्वारे झालेली होती. गोंडांची कुलकथा किकरीच्या सुरावर गाणारे प्रधान हे भाट आपल्या घरात मराठी बोलतात, हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल. म्हणजे गोंडांच्या ज्ञानाचे राखणदार आपल्याच भाषेचे आहेत! मराठीच्या इतिहासात या नात्याला एक पानही मिळू नये, याचे मला वैषम्य वाटते.

याच जिल्ह्यात काम केलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) आपण शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. सनदी अधिकारी म्हणून येथे असताना त्यांनी गोंडी आत्मसात केली, कोलामीचे व्याकरण लिहिले, गोंडांवर पुस्तक लिहिले. तेही इंग्रजीतच. आपल्या माणसाची ही गोष्ट जरा मनाला लागते. पण तेव्हा मराठी प्रकाशकाने ते छापले असते का, हाही प्रश्न आहेच.

पुढे १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, शाळांत तेलुगू आली आणि गोंडीतून शिकविण्याचा प्रयोग मागे पडला. तेलुगूविषयी माझी तक्रार नाही. राज्याची भाषा मुलांना यायलाच हवी. पहिली पायरी काढून घेतली गेली, हे दुःख आहे. हायमेनडॉर्फ सत्तरच्या दशकात पुन्हा आले, तेव्हा गोंडांच्या हातून गेलेल्या जमिनींची नोंद त्यांना करावी लागली. त्यांच्या पत्नी बेट्टी १९८७ साली निवर्तल्या. त्यांची समाधी मार्लवाईला आहे.

आता प्राणहितेपलीकडे, गडचिरोलीला जाऊ. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने बालमृत्यूंचा अभ्यास केला. आरोग्यातले तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारतीतली यंत्रे येतात. येथे अडचण वेगळीच होती. तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झाला आहे काय, हे ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात; दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास साठ वा अधिक भरले, तर ते धोक्याचे. पण गावच्या सुइणीला साठपर्यंत मोजता येत नव्हते. शहरातल्या तज्ज्ञाने येथे ‘अशिक्षितपणा’ असा शेरा मारून कागद मिटला असता. बंग दांपत्याने सुइणीला येत होते तेवढ्याच मोजणीवर साधन बेतले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी ठरलेला मणी सरकला, तर उपचार सुरू. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली आणि शेजारच्या ४७ गावांशी त्यांची तुलना केली गेली. तिसऱ्या वर्षी तुलनेने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नियतकालिक लंडनचे खरे. पण ज्ञान आधी सुइणीच्या बोटांत आले होते.

शाळा झाली, दवाखाना झाला. खाणीविषयी बोलताना मात्र माझा सूर बदलतो.

बेल्लमपल्ली, मंदामर्री ही नावे आपल्यापैकी अनेकांच्या पोटापाण्याशी जोडलेली आहेत. कोळशाने या भागाला भाकरी दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत साठली की फुप्फुस निबर होते, आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही. खुल्या खाणीत वरची माती आणि दगड उपसून त्यांचे डोंगर रचतात, तळाचे पाणी अखंड पंपाने उपसतात; त्यामुळे आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. विहीर का आटली, याचे उत्तर शेतकरी आकाशात शोधतो; ते कागदात असते. अनुसूचित क्षेत्रातील जमीन खासगी कंपन्यांना खाणीसाठी भाड्याने देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या ‘समता’ खटल्यात ठरविले. तो निकाल आपल्या जिल्ह्याला थेट लागू पडतो. तो किती गुड्यांत कोणी वाचून दाखविला?

आणि आता आपल्या घरची गोष्ट. पर्यावरणीय परिणामांविषयीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत असे म्हटले आहे, की जनसुनावणीपूर्वी प्रकल्पाच्या परिणामांचा अहवाल लोकांना पाहावयास मिळावा आणि त्याचा सारांश इंग्रजीखेरीज राज्याच्या किंवा स्थानिक भाषेतही असावा. हा सारांश कोठे ठेवावा, याची ठिकाणेही तिने सांगितली आहेत. निवडक कार्यालये, पंचायती यांच्या जोडीला तिथे आणखी एक शब्द आहे: सार्वजनिक ग्रंथालये. मी ते वाक्य दोनदा वाचले. कादंबऱ्या आणि दिवाळी अंक देणारी संस्था म्हणून आपण स्वतःकडे पाहत आलो. कायदा मात्र गावाने आपल्या विहिरीचे भवितव्य जेथे वाचावे, अशा जागांत ग्रंथालयाची गणना करतो. आपल्या वाचनकक्षात असा सारांश मी कधी पाहिलेला नाही. कोणी दिला नाही, असे म्हणणे सोपे आहे. आपणही कधी मागितला नाही. मीही नाही, आणि मी येथे विद्यार्थी असल्यापासून येतो आहे.

कार्यकारिणीपुढे माझी विनंती मोठ्या खर्चाची नाही. संदर्भ विभागातील खिडकीजवळचे एक कपाट या जिल्ह्याविषयीच्या संशोधनासाठी राखून ठेवावे. हायमेनडॉर्फ आणि पगडी यांची पुस्तके तेथे असावीत, जनसुनावण्यांचे सारांश असावेत, ‘समता’ निकालाचा मराठी गोषवारा असावा. तो करून देण्याची जबाबदारी मी घेतो. महिन्यातून एका रविवारी त्यातले काही पान मोठ्याने वाचावे, आणि ऐकायला गोंड, कोलाम व प्रधान बंधुभगिनींना बोलवावे. उच्चार चुकले तर ते दुरुस्त करतील. माझा तो विद्यार्थी आता शिक्षक आहे. पहिल्या रविवारी येण्याचे त्याने कबूल केले आहे.

मागणीची पहिली चिठ्ठी मी आज सभेपूर्वीच ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवली आहे.