आधी पाणी, मग वाट



रतनगडाहून हरिश्चंद्रगडापर्यंत पायी जायचा बेत आहे?
मग आधी एकच विचारा.
पाणी कुठे मिळेल?

वाट अशी आहे.
रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई…
आणि मग गड.
नकाशावर सोपी दिसते.
पण खिंडीकडे जाताना दाट रान लागतं.
गुरांच्या वाटा जागोजागी फुटतात.
म्हणून रतनवाडीतूनच वाटाड्या घ्या.
मोबाईल आहे ना, असं म्हणणारेच जास्त भटकतात!

पावसाळा संपला की ओढे काही दिवस वाहतात.
उन्हाळ्याकडे ते आटत जातात.
तेव्हा पुन्हा सांगते.
आधी पाणी, मग वाट.
माणशी तीन लिटर तरी जवळ ठेवा.
पुढचा ओढा वाहतोय का, ते गावकऱ्यांना विचारा.

मुक्काम कुमशेतला करा.
आधी निरोप धाडलात, तर गरम पिठलं-भाकरी गावातच मिळेल.
मग डाळ-तांदळाचं ओझं कशाला?
पाठीवर गूळ-शेंगदाणे, खजूर,
थोडे दशम्यांचे तुकडे…
एवढं वाटेत पुरतं.

हा सगळा परिसर अभयारण्य आहे.
रानात जाळ करू नका.

आणि पाचनईला पोचलात,
की बाटल्या पुन्हा भरा.
गडाची चढण त्यानंतर आहे.