पेशीचे विभाजन आणि आठवड्याची गोळी

(केंद्र परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या परिषदेसाठी विषय कळविण्यास मला सांगण्यात आले, तेव्हा मी ‘पेशींची वाढ व विभाजन’ असे लिहून पाठविले. काहींना त्याचे नवल वाटले. विज्ञानाच्या पुस्तकातील हा भाग आपण सारेच शिकवितो. फळ्यावर चार वर्तुळे काढतो, त्यांत सुतासारख्या रेघा ओढतो, पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावे मुलांकडून घोकून घेतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. दुसरीकडे आठवड्यातून एक दिवस, दुपारच्या जेवणानंतर, आपण मुलांना ओळीने बसवून एक गोळी देतो. लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांवरील मुलामुलींना निळी. त्या पाठाचा आणि या गोळीचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम पाठाकडे वळू. सूक्ष्मदर्शक नसल्यामुळे हा पाठ शिकविता येत नाही, अशी तक्रार मी पुष्कळ शाळांतून ऐकतो. ती निम्मीच खरी आहे. हरभरा ओल्या फडक्यात भिजत ठेवावा. मूळ दोन-अडीच सेंटिमीटर झाले, की त्यावर टोकापासून वरपर्यंत बारीक शाईच्या रेघा समान अंतरावर काढाव्यात आणि दाणा पुन्हा ओलीत ठेवावा. दुसऱ्या दिवशी मुलांना पट्टी घेऊन मोजावयास सांगावे. मूळ सगळीकडे सारखे वाढत असेल, असे मुलांना वाटते, मोठ्यांनाही वाटते. प्रत्यक्षात वरच्या रेघा होत्या तेथेच राहिलेल्या दिसतात आणि टोकाच्या जरा मागच्या रेघांतील अंतर तेवढे वाढलेले आढळते. टोकाशी नव्या पेशी जन्मास येतात आणि त्यांच्या मागच्या भागात त्या लांब होतात. म्हणजे वाढ ही एक क्रिया नव्हे, त्या दोन क्रिया आहेत: पेशींची संख्या वाढणे आणि पेशींचा आकार वाढणे. हा भेद मुलांच्या मनात पक्का बसला, तर पुढचे सर्व सोपे होते. मी आज जे सांगणार आहे, त्याचा सारा भार या भेदावरच आहे.

पेशी नुसती मोठीच का होत नाही, विभागते कशासाठी, असा प्रश्न एखादा चौकस मुलगा विचारतो. त्यासाठी चिकणमाती पुरे. एक सेंटिमीटर बाजूचा घन करावा. त्याचे पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. दोन सेंटिमीटर बाजूचा घन केला, तर पृष्ठफळ २४ होते, पण घनफळ ८ होते. पोट आठपट वाढले, दारे मात्र चारपटच झाली. पेशीचे अन्न, पाणी आणि प्राणवायू तिच्या पृष्ठभागातूनच आत जातात. मोठे होण्याला एक मर्यादा पडते ती अशी.

आता विभाजनाचा खरा गाभा. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना १ जुलै १९९८ हा दिवस आठवत असेल. त्या दिवशी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला नंदुरबार जिल्हा झाला. जिल्हा विभागला की दप्तराची वाटणी होते. नवापूर, शहाद्याचे कागद इकडे, साक्री, शिरपूरचे तिकडे. पेशीचे विभाजन असे वाटणीचे नसते. तेथे आधी संपूर्ण दप्तराची अक्षरशः नक्कल केली जाते आणि मग दोन्ही पेशींना पुरे दप्तर मिळते, एक पान कमी नाही. मानवी पेशीत हे दप्तर ४६ गुणसूत्रांत बांधलेले असते, कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रांत. मानवी पेशीतील मजकूर सुमारे ६०० कोटी अक्षरांचा आहे आणि तो लिहिण्यास निसर्गाने अक्षरे वापरली आहेत अवघी चार.

भराभर विभागणाऱ्या मानवी पेशीचे चक्र साधारण २४ तासांत पुरे होते. त्यातील दहा-अकरा तास पेशी वाढते. पुढचे सुमारे आठ तास नक्कल करण्यात जातात. मग चार-एक तास पुन्हा वाढ व तयारी होते, आणि आपण फळ्यावर काढतो त्या चार अवस्था शेवटच्या सुमारे एका तासात आटोपतात. म्हणजे ज्या भागावर आपण सारा तास खर्च करतो, तो चोवीस तासांतला एक तास आहे! बाकीचे तेवीस तास पुस्तकात दोन ओळींत उरकलेले असतात. या तेवीस तासांत पेशी जागोजागी थांबून आपलेच काम तपासते. नक्कल अपुरी असेल, तर पुढे पाऊल टाकीत नाही. ही तपासणी कशी चालते, हे उलगडून दाखविल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघा शास्त्रज्ञांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे प्रश्न उभा राहतो, की पेशीची वाढ चालू राहिली आणि नक्कल मात्र अडली, तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या कामात आपल्या मुंबईचा वाटा आहे, आणि ही हकीगत आपल्या शिक्षकांना फारशी ठाऊक नाही याची मला खंत वाटते.

लूसी विल्स या इंग्रज संशोधिका १९२८ मध्ये मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गरोदर स्त्रियांना, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना, त्या काळी एक भयंकर पंडुरोग होत असे. त्यांचे रक्त तपासले असता चमत्कारिक दृश्य दिसे. तांबड्या पेशींची संख्या फार कमी, परंतु ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. जंतूंचा काही मागमूस नव्हता. विल्स यांनी या स्त्रियांच्या ताटाकडे लक्ष दिले, निकृष्ट आहारावर ठेवलेल्या प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टपासून तयार होणारा मार्माइट नावाचा एक साधा खाद्यपदार्थ दिला असता हा पंडुरोग बरा होतो, असे त्यांना आढळले. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या पदार्थात नेमके कोणते द्रव्य होते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुष्कळ वर्षे त्याला ‘विल्स घटक’ असेच म्हणत. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या सुमारे चार टन पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. लॅटिन भाषेत पानास ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. विल्स यांचा घटक तो हाच. आपल्या गोळीच्या वेष्टनावर ‘फॉलिक ॲसिड’ असे छापलेले असते ते हेच.

ते करते काय? चार अक्षरांपैकी थायमिन नावाचे एक अक्षर घडविण्यास त्याची गरज लागते. जुन्या छापखान्यात एका अक्षराचे खिळे संपले, की सारा मजकूर हातात असूनही जुळारी हात बांधून बसे. पेशीत तसेच घडते. नक्कल अर्ध्यावर थांबते, बाकीची वाढ मात्र चालूच राहते, आणि फुगलेल्या, विभागू न शकणाऱ्या पेशी तयार होतात. मुंबईच्या त्या स्त्रियांच्या रक्तातील मोठ्या आणि थोड्या पेशींचे कोडे हेच होते. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, तरी असेच होते. लोह कमी पडले, तर चित्र उलटे दिसते. पेशी लहान आणि फिकट होतात, कारण लोह हे पेशीच्या आत भरावयाच्या हिमोग्लोबिनचे द्रव्य आहे. आपण देतो त्या एका गोळीत ही दोन निरनिराळी कामे एकत्र बांधलेली आहेत.

शरीरात ही उणीव सर्वांत आधी रक्तातच का दिसावी? कारण तांबड्या पेशींचा कारखाना क्षणभरही बंद नसतो. तांबड्या पेशीला केंद्रक नसते. ती स्वतः विभागू शकत नाही आणि सुमारे १२० दिवसांनी नाहीशी होते. तिची जागा भरण्यासाठी हाडांच्या मगजातील पेशी सतत विभागत असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. मी हे वाक्य बोलेपर्यंत आपल्या प्रत्येकाच्या शरीरात कोट्यवधी झाल्या.

आता आपल्या जिल्ह्याकडे यावयास हवे. सातपुड्याच्या कुशीतील आपल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. सिकल म्हणजे विळा. हिमोग्लोबिनच्या घडणीत एक लहानसा फरक असल्यामुळे प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी वाकून विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. १२० दिवस जगावयाची पेशी दहा ते वीस दिवसच जगते. त्या मुलाच्या हाडांतील मगजाला किती पटीने विभाजन करावे लागत असेल, याचा हिशेब आपण कागदावर करून पाहावा. वर्गात ते मूल स्वस्थ बसलेले दिसते, पण त्याचे शरीर रात्रंदिवस धावत असते. म्हणूनच डॉक्टर अशा मुलाला फॉलिक आम्लाची वेगळी गोळी सांगतात.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. कवायतीच्या तासाला तो भिंतीला टेकून बसे. पावसाळ्यात व थंडीत हातपाय दुखतात म्हणे. डोळे पिवळसर असत. मी त्याला सर्वांदेखत आळशी म्हटले, एकदा नव्हे, अनेकदा. पुढे त्याने शाळा सोडली. त्याला कोणता आजार होता, हे आज मी सांगू शकत नाही. त्याची तपासणी कधी झालीच नव्हती. पण ही लक्षणे पुढे एका प्रशिक्षणात वैद्यकीय अधिकाऱ्यांनी फळ्यावर लिहिली, तेव्हा मला मान वर करवेना.

आज तपासणीची सोय आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी हे त्याचे मुख्य काम आहे. तपासणीत दोन प्रकार निघतात आणि आपल्या शाळांतून त्यांची फार सरमिसळ होते. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला असेल, तर ते मूल वाहक होय. ते सहसा निरोगी असते, खेळते, धावते, आणि सर्वांबरोबर आठवड्याची गोळीही घेऊ शकते. दोघांकडूनही आला असेल, तर मूल रुग्ण होय. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही.

ज्या मुलाचे रुग्ण म्हणून निदान झाले आहे, त्याला निळी किंवा गुलाबी गोळी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारल्यावाचून देऊ नये. त्या गोळीत लोहही असते. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या शरीरात लोह साठून अपाय होतो. त्यांना फॉलिक आम्ल हवे, लोह हवे की नको हे डॉक्टर ठरवतील. कोणाचे रक्त कसे आहे, याची यादी भिंतीवर लावू नये, हजेरीत लाल शाईने खूण करू नये. मुख्याध्यापक व वर्गशिक्षक यांना ठाऊक असले म्हणजे पुरे. काही मुलांना हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध चालू असते. तेही पेशीच्या नक्कल करण्याच्या टप्प्यावरच काम करते, म्हणून मधून मधून रक्त तपासावे लागते. त्या दिवशीच्या गैरहजेरीबद्दल मुलाला बोलू नये. ताप आला किंवा छातीत दुखू लागले, तर घरी पाठवून मोकळे न होता थेट आरोग्य केंद्रात न्यावे. पाणी मागितले, तर तास चालू असला तरी जाऊ द्यावे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातही हा आजार अंतर्भूत आहे, हे पालकांना सांगणे आपले काम आहे.

इतर मुलांच्या गोळीबद्दल दोन शब्द. ती जेवणानंतरच द्यावी, उपाशीपोटी मळमळते. शौचास काळे होते. ते लोहामुळे, घाबरण्यासारखे नाही, हे आधीच सांगितले तर पालक गोळी फेकून द्यावयास सांगत नाहीत. आणि गोळी म्हणजे ताटाला पर्याय नव्हे. मेथी, पालक, हरभरा, चवळी यांत फॉलिक आम्ल आहे. परंतु ते पाण्यात उतरते आणि फार शिजविल्याने नासते. पोषण आहाराच्या स्वयंपाकात भाजीचे पाणी ओतून दिलेले दिसले, तर मदतनीस ताईंशी जरूर बोलावे.

व्यासपीठाजवळच्या टेबलावर तीन पेल्यांत कांदे ठेवले आहेत. पहिल्याची मुळे मी तशीच वाढू दिली आहेत. दुसऱ्याच्या मुळांवर शाईच्या रेघा आहेत. तिसऱ्याच्या मुळांची टोके चार दिवसांपूर्वी ब्लेडने छाटली. त्यांची लांबी आज जवळजवळ तेव्हाइतकीच आहे. पट्टी शेजारीच ठेवली आहे, चहाच्या सुटीत प्रत्येकाने स्वतः मोजून पाहावे.